आज इन्स्पेक्शन नाही

बाईंना मी ओळखलं ते चेहऱ्यावरून नाही, कण्हण्यावरून.

मी आणि घाटोळे सर फीमेल वॉर्डमध्ये शिरलो आणि खिडकीकडच्या कॉटवरून कण्हणं सुरू झालं. आधी एक लांब सूर, मग दोन आखूड. आम्ही थांबलो की ते थांबायचं, पुढे सरकलो की पुन्हा सुरू. खरा पेशंट असा माणसं पाहून कण्हत नाही. शिवाय हा सूर मी ऐकलेला होता. महिन्याभरापूर्वी, रायपूरच्याच दुसऱ्या टोकाला, दुसऱ्याच हॉस्पिटलात.

"सर," मी हळूच म्हटलं, "खिडकीपाशी बघा. हिरवी चादर."

घाटोळे सरांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. संशय खरा ठरला की इन्स्पेक्टरला जो आनंद होतो, तो त्याला पगारानेही होत नाही.

"अरे, हे तर आपली अपेंडिक्स होय! मिशनवाले बी शिकून गेले मॅडम."

हे सगळं कशाबद्दल आहे ते आधी सांगते.

मी सरकारी नर्सिंग कॉलेजात आयुष्यभर शिकवलं. रिटायर झाल्यावर नर्सिंग कौन्सिल मला खाजगी नर्सिंग स्कूलच्या इन्स्पेक्शनला पाठवू लागली. सोबत बहुधा घाटोळे सर असतात. तेही नर्सिंगचे प्राध्यापक, मूळचे वर्धेकडचे, रायपुरात दोन पिढ्या. घरात मुलं त्यांना हिंदीत उत्तरं देतात, त्यामुळे उरलेलं सगळं वऱ्हाडी ते माझ्यावर खर्च करतात.

नियम असा आहे की नर्सिंग स्कूलचं स्वतःचं हॉस्पिटल हवं आणि त्यातल्या बहुतेक खाटा भरलेल्या हव्यात. नियम चांगला आहे. रबराच्या पुतळ्याला इंजेक्शन देऊन मुलगी नर्स होत नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की इन्स्पेक्शनच्या दिवशी लोक आजारी पडू लागले. रायपूरच्या गुढियारी वस्तीत एक ठेकेदार आहे. लग्नात वाढपी लागले की तो देतो, सभेला गर्दी लागली की तो देतो, आणि हॉस्पिटलला पेशंट लागले की तेही तोच देतो. माणसं तीच असतात. आजार बसमध्ये वाटले जातात.

त्यात अपेंडिक्सला मागणी जास्त. पोट साडीत झाकलेलं असतं आणि पुरुष इन्स्पेक्टर पदर बाजूला करायला सांगत नाही. ताप कोणी घेत नाही, कारण हात लावला की कळतं.

खोटे पेशंट ओळखायच्या माझ्या काही रीती आहेत. मी फाईल शेवटी पाहते. फाईल सगळ्यात सुंदर खोट्या पेशंटचीच असते. आधी पाहते खाटेशेजारचं कपाट. खऱ्या पेशंटच्या कपाटात संसार असतो. तेलाची बाटली, फणी, अर्धा बिस्किटपुडा, शेजारणीने आणलेले पेरू, नातवाचा एक मोजा. खोट्याचं कपाट रिकामं आणि पुसलेलं. मग विचारते, काल रात्री जेवायला काय होतं? खोटा पेशंट म्हणतो, "बहुत अच्छा था." हॉस्पिटलचं जेवण बहुत अच्छा म्हणणारा माणूस तिथे जेवलेला नसतो.

तर, हे मिशनचं हॉस्पिटल. सिलतऱ्याच्या रस्त्यावर, जिथे स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी भुकटी झाडांच्या पानांवरही बसलेली असते. सोबत मुलींचं नर्सिंग स्कूल. मुली जशपूर, सरगुजा, बस्तरकडच्या. आमच्या रिपोर्टवर त्यांचं शेवटचं वर्ष टांगलेलं होतं. मान्यता मिळाली तर परीक्षेला बसता येणार, नाहीतर वर्ष गेलं, आणि बऱ्याचजणींच्या बाबतीत वर्ष गेलं म्हणजे लग्न ठरलं.

मला गेटपासूनच संशय येत होता. बॅनर नाही. बुके नाही. शाल-श्रीफळ नाही. इतर कॉलेजांत आम्ही उतरलो की चेअरमन, चेअरमनचे भाऊ आणि चेअरमनचा मंत्र्यांबरोबरचा फोटो असे तिघे स्वागताला असतात. इथे गेटबाहेर मोटारसायकलवर बसलेले दोन तरुण आमच्या गाडीचा नंबर टिपत होते, तेवढंच स्वागत. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नसतं तो पाहुण्यांची पर्वा करत नाही. ज्याची वरपर्यंत ओळख असते तोही करत नाही. यातलं इथे काय आहे, ते कळेना.

प्रिन्सिपॉल होत्या सिस्टर अनिमा. साठीच्या पुढच्या, बुटक्या, पांढरट साडी, पायात रबरी चपला, छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ. नाडी मोजताना हात मोकळे राहावेत म्हणून जुन्या नर्सा तसं लावायच्या. मी ते कित्येक वर्षांनी पाहिलं. सिस्टर जशपूरकडच्या उरांव आदिवासी. पण तोंड उघडलं आणि आम्ही दोघं चाट पडलो.

"या, बसा. चहा पिऊन घ्या. नाश्ता हाये पण तो पोट्ट्यांच्या मेसमधलाच हाये, पोहे. तुमच्यासाठी अलग काही केलं नाई."

अस्सल वऱ्हाडी. घाटोळे सर हिंदी बोलायला तोंड उघडून बसले होते, ते तसंच मिटलं.

"सिस्टर, तुम्ही मराठी?"

"मेळघाटाकडं मिशनच्या दवाखान्यात होती मी. जवानी तिथंच गेली. बाळंतपणं करता करता शिकली. बाई कळा देऊन राहिली तं तिच्याशी काय हिंदीत बोलता?"

दहावी झाल्यावर त्या मठात गेल्या. मठाने नर्सिंगला पाठवलं. मेळघाट, मग बस्तर, मग इथे शिकवायला. कुठे जायचं ते प्रॉव्हिन्शियल, म्हणजे त्यांच्या विभागाच्या मुख्य सिस्टर, ठरवतात. पत्र आलं की एक पेटी उचलायची आणि निघायचं.

घाटोळे सरांना हे पटत नव्हतं. कॉलेज म्हटलं की कोणाचं तरी असतं, असा त्यांचा अनुभव. "पण सिस्टर, मालक कोण? म्हणजे, खरा?"

"आमच्यात मालक नसते सर. बदली असते."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत स्पष्ट होतं: बाई पोहोचलेली आहे.

"आणि गेटवरचे ते दोघं?" मी विचारलं.

"ते रोजचेच. आम्ही कोणाले ख्रिस्ती करून राहिलो का ते पाहाले येते. एकाची बायको मागच्या पावसाळ्यात इथंच बाळंत झाली. तवा चार दिवस आत होता बिचारा, आता पुन्हा बाहेर बसते."

लॅब पाहिली. लायब्ररी पाहिली, पुस्तकं जुनी पण पानं मळलेली. म्हणजे वाचलेली. माझा संशय थोडा सैल होत होता. वॉर्डातल्या पहिल्या खाटांपाशी तो जवळजवळ संपलाच. कपाटांत फण्या होत्या, पेरू होते, कोणाची तरी विडीही होती. एका म्हातारीला रात्रीच्या जेवणाबद्दल विचारलं तर ती डाळीच्या पातळपणावर इतकं बोलली की मीच पुढे सरकले.

आणि तेवढ्यात ते कण्हणं.

बाईचं नाव केवराबाई. गुढियारीची, नवरा मालधक्क्यावर हमाल. डाव्या कुशीवर, चादर हनुवटीपर्यंत, एक हात पोटावर. अगदी तीच मुद्रा, जी मी त्या दुसऱ्या कॉलेजात पाहिली होती, जिथे लॉबीत कारंजं आहे. तिथे मी रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की पेशंट संशयास्पद वाटतात. त्यांना मान्यता मिळाली. कारंजं संशयास्पद नव्हतं.

मी जवळ गेले. "क्या तकलीफ है?"

केवराबाईने मला ओळखलं. ओळखलं आणि चक्क हसली. मग पाठ केलेल्या शुद्ध हिंदीत म्हणाली, "अपेंडिक्स है मैडम. परसों आपरेशन हुआ. अब आराम है. यहां सिस्टर लोग बहुत ध्यान देते हैं."

घाटोळे सरांनी फाईल उघडली होती. ते सावकाश वाचू लागले, एकेक शब्द चाखत. "लिव्हर ॲब्सेस. तापासह दाखल. ऑपरेशन नाही." फाईल मिटली. "सिस्टर, फाईलमध्ये लिव्हर अन् तोंडात अपेंडिक्स. एकदा बसून ठरवून तरी घ्याचं होतं."

सिस्टरचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण त्या आमच्याकडे पाहतच नव्हत्या. "केवरा," त्या म्हणाल्या, "तू काय बोलून राहिली?"

"अपेंडिक्स, दीदी," केवराबाईने डोळा बारीक करून सांगितलं, जणू परीक्षेत कॉपी पुरवत होती.

आता इथे दोन शक्यता होत्या. एक, सिस्टरनी ठेकेदाराकडून माणसं आणली आणि पढवताना गोंधळ झाला. दुसरी मला सुचत नव्हती. मी सिस्टरकडे पाहून म्हटलं, "मी हिला ओळखते. हिला दुसऱ्या हॉस्पिटलात याच आजाराने पाहिलंय."

"असन," सिस्टर म्हणाल्या.

"असन म्हणजे?"

"म्हणजे असन. तो तिचा धंदा हाये. मॅडम, तुम्ही नर्स हाये ना? मग माह्यं ऐकू नका अन् तिचंही ऐकू नका. हात लावून पाहा."

मला राग आला. पण नर्सला असं कोणी म्हटलं की हात आपोआप पुढे होतो. चादर बाजूला केली. पोटावर ऑपरेशनची खूण नव्हती, हे अपेक्षितच होतं. पण अंग तापलेलं होतं. ताप भाड्याने मिळत नाही.

मी उजव्या बरगडीच्या खाली बोटं ठेवली आणि हळूच दाबलं.

खोटा पेशंट दाबायच्या आधीच ओरडतो. खरा ओरडत नाही. तो श्वास रोखतो. केवराबाई "सिस्टर लोग बहुत" असं पुन्हा सुरू करत होती, ती मध्येच थांबली. चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं आणि त्याच्या मागचं माणूस निघून गेलं. ओठ पांढरे झाले. मग अगदी बारीक आवाजात, आता हिंदीत नाही, छत्तीसगढीत, "अब्बड पिराथे, दाई." फार दुखतंय गं, आई.

मी हात काढला. सिस्टरनी लगेच तिथेच, मग थोडं खाली, मग बेंबीजवळ हात ठेवून पाहिलं. सकाळपर्यंत फक्त वर दुखत होतं, आता दुखणं पसरत होतं. लिव्हर ॲब्सेस म्हणजे यकृतात साठलेला पू. घाणेरड्या पाण्यातले जंतू आतड्यातून तिथे पोचतात आणि घर करतात. औषधाने बरेचदा भागतं. भागलं नाही तर सुईने पू काढावा लागतो, आणि वेळेत काढला नाही तर ती गाठ पोटात फुटते. मग नर्सिंग स्कूलला मान्यता मिळाली काय आणि न मिळाली काय, ती बाई नसते.

सिस्टरनी फोन लावला. "डॉक्टरसाहेब, दुपारी नाई. आता. हो, मीच पाहिलं. एका आणखी नर्सनं पण पाहिलं." मग आमच्याकडे वळल्या. "मी हिले सोनोग्राफीच्या खोलीत नेतो. तुम्ही बाकीचं पाहून घ्या."

"सिस्टर, इन्स्पेक्शन चालू असताना प्रिन्सिपॉलनं हजर राहाले पाहिजे," घाटोळे सर म्हणाले. "नियम हाये."

"तं लिहा, प्रिन्सिपॉल गैरहजर."

"अन् हे अपेंडिक्सचं काय? काहून म्हणून राहिली ते?"

उत्तर केवराबाईने दिलं. तिला स्ट्रेचरवर घेत होते. "उस कालेज में यही बोली थी मैडम को," ती दम खात म्हणाली. "पास हो गया था. सोची, दीदी का भी हो जाए."

 नर्सिंगच्या दोन मुली स्ट्रेचर ढकलत होत्या. त्यांतली एक हसू दाबत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकदम.

डॉक्टर यायला थोडा वेळ होता. सोनोग्राफीच्या खोलीबाहेरच्या बाकावर सिस्टरनी बाकीचं सांगितलं, केवराबाईच्या हाताला सुई लावता लावताच.

ताप आणि पोटदुखी सुरू झाली तेव्हा केवराबाई आधी त्या कारंज्याच्या हॉस्पिटलातच गेली होती. तिला वाटलं, आपण तिथले जुने पेशंट. गेटवरच्या गार्डने तिला ओळखलं. "आज इन्स्पेक्शन नहीं है," तो म्हणाला. "तारीख आएगी तो ठेकेदार बताएगा." ती पोट धरून उभी राहिली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, ॲक्टिंग मस्त करते. आणखी एका ठिकाणी तसंच झालं. या लाईनीत सगळे तिला ओळखत होते, हाच घोळ होता.

"मग इथे आली?"

"इथं आली. अन् मी काय केलं, माहीत हाये? अर्धा दिवस ओसरीत बसवून ठेवलं." सिस्टरनी सुईवर पट्टी लावली. "आमच्या आयानं सांगितलं, हे इन्स्पेक्शनवाली हाये. मले वाटलं, दुसऱ्या कॉलेजनं पाठवली असन. आम्ही भाड्याचे पेशंट ठेवतो म्हणून बोंब मारता येते ना मग. मी म्हटलं, बसू द्या, थकली की जाईन. दुपारी चक्कर येऊन पडली. पडणंही नाटकच वाटलं मले. नाडी पाहिली तवा समजलं." त्या थोडं थांबल्या. "एवढी वर्षं पोट्ट्यांना शिकवून राहिली की आधी हात लावा, मग विचार करा. अन् मीच आधी विचार केला."

 महिन्याभरापूर्वी त्या बाईचं नाव माझ्या लेखी "खाटा: भरलेल्या, संशयास्पद" एवढंच होतं.

डॉक्टर आले. मला आत यायची परवानगी होती, पण मी दारात उभी राहिले. सोनोग्राफीच्या पडद्यावर काळा डाग दिसत होता, त्या दिशेने डॉक्टर सुई सरकवत होते. स्ट्रेचर ढकलणाऱ्या दोघी मुली मान उंच करून पडदा पाहू लागल्या. सिस्टरनी त्यांच्यावर डोळे वटारले.

"पडद्याकडं डॉक्टर पाहून राहिले. तुम्ही तिच्या चेहऱ्याकडं पाहा. तुमची नोकरी तिथं हाये."

मुली चेहऱ्याकडे वळल्या. एकीने केवराबाईचा हात धरला. नुसता धरला नाही, मनगटाशी बोट ठेवून धरला. मी नर्सिंग शिकवताना हे सांगायला एक पूर्ण तास घ्यायचे आणि निम्म्या मुलींना ते कळायचं नाही. सुई पोचली. सिरिंजमध्ये पू येऊ लागला, चहाच्या चोथ्याच्या रंगाचा. पहिली सिरिंज भरली, बदलली, दुसरी भरली. घाटोळे सर माझ्या खांद्यावरून पाहत होते. ते कधी आले मला कळलं नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"हे तर खरंच निघालं," ते पुटपुटले. आवाजात किंचित निराशा होती.

सगळं झाल्यावर केवराबाईचा श्वास लांब झाला. डोळे उघडून तिने आधी सिस्टरला शोधलं. "दीदी, पास होगे?" झाली का शाळा पास?

"तू पास झाली," सिस्टर म्हणाल्या. "आमचं आमी पाहू. अन् यापुढं कोणी विचारलं तं जे दुखते तेच सांगजो. समजलं?"

"हव, दीदी." पण चेहऱ्यावरून वाटलं, हा सल्ला धंद्याच्या दृष्टीने तिला कच्चा वाटला.

रिपोर्ट लिहायला आम्ही लायब्ररीत बसलो. सरांचं म्हणणं, ओळखीची पेशंट सापडली हे लिहिलंच पाहिजे. मी म्हटलं, लिहू. कुठे ओळख झाली तेही लिहू. सर पेन ठेवून खिडकीबाहेर पाहू लागले.

"मॅडम, तिकडचे चेअरमन लय मोठे लोक हायेत."

"इकडे तर चेअरमनच नाहीत. म्हणजे यांचं नाव लिहायला हरकत नाही, असं का?"

 सरांनी पेन उचललं आणि माझ्या मजकुराखाली सही केली. सही नेहमीपेक्षा लहान होती, पण वाचता येत होती.

काही दिवसांनी कौन्सिलच्या ऑफिसातून फोन आला. "मॅडम, एका कॉलेजच्या रिपोर्टमध्ये दुसऱ्या कॉलेजचं नाव का टाकलं? त्याच्यासाठी कॉलम नाही." मी म्हटलं, मग कॉलम काढा. त्यांनी वाक्य काढलं.

मिशनच्या स्कूलला त्या वर्षाची मान्यता मिळाली, सोबत एक त्रुटी: "रिसेप्शन परिसर आकर्षक नाही." मुली परीक्षेला बसल्या. कारंजेवाल्यांच्या जागा वाढवून मिळाल्या. सिस्टर अनिमांना उन्हाळ्यात पत्र आलं आणि त्या जशपूरकडच्या एका लहान दवाखान्यात गेल्या. निरोप समारंभ करायचा म्हणून मुलींनी हार आणले होते. सिस्टर पहाटेच्या बसने निघून गेल्या होत्या. केवराबाई बरी झाली. हल्ली ती काय करते हे मी विचारलेलं नाही. ती खरं सांगेल, अशी भीती वाटते.

मी मात्र कौन्सिलला एक सूचना लिहून पाठवली. इन्स्पेक्टरने इन्स्पेक्शन नसलेल्या दिवशी साध्या साडीत हॉस्पिटलच्या गेटवर जावं, पोट धरून उभं राहावं, आणि आत घेतात का ते पाहावं. खाटा, लॅब आणि कारंजी नंतर तपासावीत.

उत्तर लवकर आलं. सूचना अत्यंत उपयुक्त आहे, असं त्यात होतं. मात्र अशा भेटीची तारीख संबंधित कॉलेजला आधी कळवणं बंधनकारक राहील.